शाळेच्या अंगणात माळढोक

सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक शाळेच्या अंगणात चैत्राच्या सुमारास, मधल्या सुट्टीत, घटकाभर उभे राहून मुले कोठे बसतात एवढे एकच पाहिले, तरी इमारतीच्या बाहेरील जागेविषयी आपल्या शिक्षणव्यवस्थेने किती थोडा विचार केला आहे हे ध्यानात येते. ओसरीची कड, वर्गाच्या पायऱ्या, ध्वजस्तंभाचा चौथरा, पाण्याच्या टाकीची अरुंद पडछाया, आणि एखादे कडुनिंबाचे झाड असलेच तर त्याच्या उघड्या पडलेल्या मुळ्या, एवढीच त्यांची आसने. वर्गखोलीसाठी नकाशा असतो, अंदाजपत्रक असते, तांत्रिक मंजुरी असते. अंगण मात्र इमारत बांधून झाल्यावर जे उरते ते. वास्तविक मुलाच्या स्मरणात शाळा म्हणून जे राहते त्यातले पुष्कळसे याच उरलेल्या जागेत घडत असते. म्हणून माझे सांगणे असे की, या अंगणात मुलांना बसण्यासाठी जी आसने करावयाची ती शिल्पे असावीत. त्या शिल्पांचे आकार याच जिल्ह्याच्या माळरानातून, नदीकाठातून आणि शेतशिवारातून घेतलेले असावेत. आणि ती घडविण्याचे काम याच मुलखातील हातांकडे जावे.

आसन आणि शिल्प यांची ही सांगड परक्या देशातून आणावी लागेल असे मुळीच नाही. गावोगावच्या वडापिंपळाभोवती दगड रचून बांधलेला पार म्हणजे झाडाच्या बुंध्याचा घेर मान्य करून, त्याच्या सावलीच्या वर्तुळात पसरलेले सार्वजनिक आसनच होय. न्यायनिवाडे, महसुलाच्या तक्रारी, प्रवाशाचा विसावा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचे दुपारचे बोलणे या सर्वांना त्याने पिढ्यान्‌पिढ्या जागा दिली. शिवालयाच्या सभामंडपात फरसबंदीतून वर आलेले कासव आणि गाभाऱ्याकडे तोंड करून बसलेला नंदी यांच्या पाठी असंख्य हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेल्या असतात, आणि त्या गुळगुळीतपणामुळे त्यांचे शिल्पत्व उणे झाले असे कोणीही म्हणत नाही. सोलापूरच्या बाबतीत तर ही परंपरा अगदी घरची आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या नावाशी जोडलेले तळे आजही शहराच्या मध्यभागी आहे आणि त्याचा काठ हीच शहराची सर्वांत जुनी बैठक आहे. भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग आहे, आणि तेथेच शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८, मधील मराठी शिलालेख आहे. ज्या भूमीत दगडाला इतकी मुखे देण्याचे धैर्य आणि कौशल्य सहस्र वर्षांपूर्वी होते, त्या भूमीतील शाळेच्या अंगणात मुलाला टेकावयास एक चांगला दगड असू नये, ही गोष्ट मनाला लागते.

आजच्या सार्वजनिक शिल्पाचा विचार करू लागले की डोळ्यांपुढे पुतळा येतो, आणि ते स्वाभाविक आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेल्या मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चार हुतात्म्यांचे पुतळे या शहराने उभारले, ते त्याने आपल्या इतिहासाचे ऋण मानले म्हणून. पुतळ्याला उंच चौथरा लागतो, भोवती कठडा लागतो, कारण तेथे आपण मान वर करून उभे राहावे अशीच अपेक्षा असते. परंतु शिल्पकलेचा हा एकच मार्ग समाजाला ठाऊक राहिला तर मूर्तीला हात लावावयाचा नसतो, तिच्याजवळ बसावयाचे नसते, तिच्या अंगाखांद्यावर चढावयाचे नसते, एवढाच धडा मुलाच्या पदरी पडतो. नतमस्तक होण्याची शिल्पे असावीत, तशीच टेकून बसण्याचीही असावीत. दुसऱ्या प्रकाराची आपल्याकडे आज फार उणीव आहे, आणि ती भरून काढावयास शाळेइतकी योग्य जागा नाही.

जे थोडे काही या दिशेने झाले आहे, त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. बागांतून आणि काही शाळांतून सिमेंटचे जिराफ दिसतात, पांढऱ्या ठिपक्यांच्या लाल छत्रीसारखी आसने दिसतात, तोंड उघडे ठेवून उभे असलेले, कचरा टाकावयाचे पेंग्विन दिसतात. मुलांना ते आवडतात हे मी नाकारीत नाही. मुलांना कोणताही प्राणी आवडतो. पण हे सर्व आकार साच्यातून निघालेले असतात, एकाच साच्यातून शेकडो गावी जातात, आणि ज्या मुलाने घरामागच्या बांधावर टिटवीची अंडी पाहिली आहेत त्याला ते असे सुचवितात की, चित्रात आणि शिल्पात यावयाच्या योग्यतेचे प्राणी दूरच्या खंडांत राहतात. आपल्या माळावरचे नव्हेत. हे शिक्षण नकळत होते, म्हणूनच ते खोल जाते.

आता सोलापूरचा माळ पाहा. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर नान्नज येथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले. पावसाने पाठ फिरविलेला, खुरट्या गवताचा, वरकड म्हणून कागदोपत्री पडीक ठरविलेला हा प्रदेश. परंतु काळवीट, लांडगा, खोकड, धाविक आणि चंडोल यांचे ते घर, आणि माळढोकाचे तर एका काळी महाराष्ट्रातील प्रमुख आश्रयस्थान. जगातील उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांत गणला जाणारा हा पक्षी उभा राहिला म्हणजे सुमारे एक मीटर उंच भरतो, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाऊ शकते. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटे न बांधता, आणि ते एकटीच उबविते. गवताळ माळ नांगराखाली गेले, त्यांवर वने लावली गेली, कालवे आले, आणि वरून विजेच्या तारा गेल्या. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नसल्यामुळे आणि जड शरीर ऐनवेळी वळविता येत नसल्यामुळे या तारा त्याच्या मृत्यूचे मोठे कारण झाल्या. आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे ही जवळजवळ कथा झाली आहे. सोलापूर जिल्ह्यातील शाळकरी मूल माळढोकाचे नाव सामान्यज्ञानाच्या उत्तरात लिहिते आणि त्यावर गुण मिळविते, पण तो केवढा असतो हे त्याला ठाऊक नसते, कारण पुस्तकातील चित्रात माळढोक आणि चिमणी दोघेही अंगठ्याएवढेच असतात.

समजा, शाळेच्या कडुनिंबाखाली यथाप्रमाण आकाराचा एक माळढोक उभा केला, आणि त्याच्या शेजारी अंड्यावर बसलेली मादी घडविली. पहिलीतले मूल उभ्या पक्ष्याजवळ जाऊन उभे राहिले की दोघांची उंची जवळपास सारखी भरेल. बसलेल्या मादीची रुंद पाठ त्याला टेकावयास पुरेल. ज्याचे आकारमान शब्दांनी सांगता येत नाही आणि ज्याला प्रत्यक्ष पाहावयास आता फार उशीर झाला आहे, असा आपल्याच जिल्ह्याचा पक्षी त्या मुलाला अंगाने कळेल. तिसरीत गेल्यावर त्याचे डोके पक्ष्याच्या वर जाईल, पाचवीत मादीची पाठ बसावयास ठेंगणी वाटू लागेल, आणि ही वाढ ते स्वतःच मोजील. हे काम फळ्यावरची आकृती करू शकत नाही, पडद्यावरचे चलच्चित्रही करू शकत नाही. हरपत चाललेल्या जीवाचे स्मारक करताना आपण साधारणतः फलक लावतो. त्यापेक्षा त्याच्या पाठीवर एक मूल डबा उघडून बसले आहे, हे स्मारक मला अधिक खरे वाटते.

आणि माळढोक हे एकच उदाहरण. बाभळीची शेंग घ्या. प्रत्येक बीजाच्या जागी ती गोल फुगते आणि दोन बीजांच्या मध्ये आवळली जाते, अशी ती माळेतल्या मण्यांप्रमाणे दिसते. हीच शेंग वीस-पंचवीस फूट लांब, किंचित वळलेली, जमिनीपासून फूटभर उंच अशी घडविली, तर प्रत्येक फुगवटा एका मुलाची जागा होतो. बाकावर जशी ढकलाढकल होते तशी तेथे होण्याचे कारण उरत नाही, कारण मर्यादा निसर्गानेच आखून दिलेली असते. मोठ्या वर्गांसाठी चिंचेचा आकडा आहे, बैठकीला तो अधिक रुंद आणि वळणदार. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर मातीतून वर येणारा तांबडा मखमली किडा बालवाडीच्या मुलांसाठी एकेकट्या आसनाचा आकार देतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचे भरगच्च कणीस आहे, फुटलेले डाळिंब आहे, भीमेच्या पात्रातले पाण्याने घासलेले धोंडे आहेत, घोरपडीची लांब शेपटी आहे. निसर्गाने आकारांची एवढी शिदोरी आपल्या उंबऱ्याशी आणून ठेवली आहे.

येथे कोणी म्हणेल की, ब्राँझ आणि संगमरवर यांची भाषा जिल्हा परिषदेच्या शाळेला परवडणारी नव्हे. ती बोलण्याचे कारणही नाही. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३५ मध्ये ‘सुजाता’ आणि १९३८ मध्ये ‘संथाळ कुटुंब’ ही शिल्पे सिमेंट आणि तेथील लाल मुरमाड खडी यांतून उघड्या जागी घडविली; महाग धातू हाताशी नव्हता म्हणून त्यांनी पायाखालची माती वर उचलली, आणि त्यातून भारतीय शिल्पकलेला एक नवी वाट मिळाली. ‘सुजाता’ची उंच, सडपातळ आकृती तर भोवतालच्या झाडांच्या खोडांतच मिसळून गेली. ज्या विद्यालयात वर्ग झाडाखाली भरत, तेथे शिल्पही झाडाखाली यावे, यात एक सुसंगती होती. आपल्याकडे विनायक पांडुरंग करमरकर यांनी अलिबागजवळच्या सासवने गावी आपल्या घराच्या परिसरात सिमेंटला असेच सजीव केले. तेथील म्हैस पाहिलेल्या माणसाला सिमेंट हे केवळ इमारतीचे द्रव्य आहे असे पुन्हा म्हणवत नाही. याच करमरकरांची पहिली चित्रे गावच्या देवळाच्या भिंतीवर होती, आणि ती ऑटो रॉथफील्ड नावाच्या तत्कालीन कलेक्टरच्या नजरेस पडल्यामुळे त्यांचा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा मार्ग मोकळा झाला. एका अधिकाऱ्याने दौऱ्यावर असताना भिंतीकडे पाहिले, एवढ्यावरून एक शिल्पकार महाराष्ट्राला लाभला. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी शाळांच्या तपासणीत अंगणाकडेही असेच पाहावे अशी अपेक्षा करणे गैरवाजवी होणार नाही.

सोलापूरला तर शिल्पकारासाठी दूर जावयासही नको. मुंबईच्या शेअरबाजारासमोरचा ब्राँझचा बैल, ज्याच्या शिंगांना हात लावून छायाचित्र काढून घ्यावयास देशभरातून माणसे थांबतात, तो सोलापूरच्या भगवान रामपुरे यांच्या हातचा. ज्या शहराने व्यापाराच्या राजधानीला तिचा प्राणी दिला, त्या शहराने आपल्या मुलांना त्यांचा प्राणी द्यावा. शिवाय येथे पाथरवट आहेत, दगडकामात हयात घालविलेले वडार समाजातील कारागीर आहेत, गणेशमूर्ती घडविणारे आहेत, जकार्डच्या मागावर चादरीत फुलापानांची नक्षी उतरविणारे विणकर आहेत. बार्सिलोनात गौदी यांच्या उद्यानातील नागमोडी बैठक फुटक्या रंगीत फरश्यांच्या तुकड्यांनी मढविलेली आहे, आणि चंडीगढात नेकचंद यांनी टाकाऊ चिनी मातीच्या तुकड्यांतून एक सबंध नगर उभे केले. सोलापुरात तशी नक्षी कोणी योजणार असेल तर त्याने प्रथम पद्मशाली विणकराच्या घरी जाऊन त्याच्या रंगसंगतीचा अभ्यास करावा.

उन्हाचा प्रश्न मात्र येथे सर्वांत कठीण आहे, आणि त्याचा निकाल लावल्याशिवाय कोणतेही शिल्प येथे आसन होऊ शकणार नाही. सोलापूरचा पारा वैशाखात चाळीसच्या वर सहज राहतो आणि कित्येक वर्षी चव्वेचाळीसच्याही पुढे जातो. अशा उन्हात लोखंड हाताला चटका देते आणि काळा दगड सायंकाळपर्यंत तापलेला राहतो. तेव्हा झाड आधी आणि शिल्प नंतर हा क्रम ठरवून घेतला पाहिजे. जेथे मोठे झाड आहे तेथेच आसन बसवावे, आणि जेथे नाही तेथे कडुनिंब किंवा चिंच लावून ते मोठे होईपर्यंत थांबण्याचा संयम ठेवावा. दुपारी सावली कोठवर पसरते हे उन्हाळ्यात जमिनीवर खूण करून पाहिल्याविना जागा नक्की करू नये. बसण्याचा पृष्ठभाग फिकट रंगाचा असावा. मुळांना पाणी आणि वारा मिळेल एवढे अंतर बुंध्यापासून सोडावे, कारण सिमेंटने गळा आवळलेली झाडे आपण पुष्कळ पाहिली आहेत.

दुसरा प्रश्न जमिनीचा. काळी माती ओलीने फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पायाचे जड काम ठेवले तर दोन पावसाळ्यांत ते कलते आणि चिरते. पाया मुरमापर्यंत नेणे आणि खड्डा काळ्या मातीऐवजी मुरमाने भरणे, हे येथील प्रत्येक गवंड्याला ठाऊक आहे, पण बागकामाच्या किरकोळ कंत्राटात नेमके तेच गाळले जाते. शिल्प भरीव ओतण्याचीही गरज नाही. गजांचा सांगाडा करून त्यावर बारीक जाळी ताणावी आणि सिमेंट-वाळूचा गिलावा थरांनी दाबून बसवावा, म्हणजे काम हलके आणि चिवट होते, आणि कोठे टवका उडाला तर गावातलाच गवंडी तो भरून काढतो. पोकळीला मात्र कोठेही उघडे तोंड राहता कामा नये. या भागात विंचवाचा उपद्रव असतो, आणि ज्या फटीत मुलाचा हात जाईल त्या फटीत विंचू आधी गेलेला असतो. कडा गोल असाव्यात, पाणी साचणार नाही असा उतार असावा, सहा वर्षांच्या मुलाचे पाय जमिनीला टेकतील आणि शिक्षकांनाही बसता येईल अशा निरनिराळ्या उंची एकाच शिल्पात मिळाव्यात. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या मुलाला घोळक्याच्या कडेला नव्हे, मध्यभागी जागा मिळेल अशी मोकळीक आकारातच ठेवावी.

ज्या शाळेत मुलींसाठी नीट स्वच्छतागृह नाही किंवा नळाला पाणी नाही, तेथे आधी ते झाले पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही, आणि त्या पैशाला हात लावून शिल्प उभारावे असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु कमानीवर, देणगीदारांच्या नावांच्या फलकांवर आणि सबंध अंगण सिमेंटच्या ठोकळ्यांनी झाकून टाकण्यावर लोकवर्गणीचा आणि निधीचा जो खर्च होत असतो, तो वळविता येण्यासारखा आहे. अंगण झाकल्याने धूळ कमी होते खरी, पण उष्णता वाढते, पावसाचे पाणी मुरत नाही, आणि मुलाचा मातीशी असलेला शेवटचा संबंधही तुटतो.

खरी अडचण पैशापेक्षा दफ्तराची आहे. सरकारी काम दरसूचीवर चालते. काँक्रीटला घनमीटरचा दर आहे, गिलाव्याला चौरस मीटरचा आहे. पण माळढोकाच्या मानेच्या वळणाला दर कोणत्या रकान्यात लिहावयाचा? तो रकाना नसल्यामुळे शिल्पकाराचे काम ‘गिलावा’ या सदरात मोडते, निविदा सर्वांत कमी दराच्या कंत्राटदाराला मिळते, आणि तो बाजारातून साच्यातला जिराफ आणून बसवितो. यात कोणा एकाचा दोष नाही. नियमाला आकाराची किंमत करता येत नाही, एवढाच याचा अर्थ. म्हणून संकल्पनेचे मानधन बांधकामाच्या खर्चापासून अलग काढून त्याची स्वतंत्र तरतूद करावी, आणि संकल्पनेची निवड दरावर न ठेवता कलाशिक्षक, एक शिल्पकार, एक निसर्ग अभ्यासक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे पालक यांच्याकडे सोपवावी.

या कामात मुलांनाही प्रथमपासून घेता येईल. आपल्या राज्यात शासकीय रेखाकला परीक्षांची, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची, जुनी आणि चांगली परंपरा आहे. त्यांसाठी हजारो मुले दरवर्षी पानाफुलांचा अभ्यास करतात, आणि परीक्षा संपली की ते कागद रद्दीत जातात. त्याऐवजी कलाशिक्षकाने वर्गाला बांधावर न्यावे, बाभळीची शेंग हातात द्यावी, तिची रेखाचित्रे करून घ्यावीत, मग मातीत लहान प्रतिकृती कराव्यात, आणि त्यांतून एक निवडून शिल्पकाराने तिला मोठे रूप द्यावे. वेगवेगळ्या बियांना वेगळे फुगवटे का येतात हा विज्ञानाचा तास झाला. हातभर आकृती पंचवीस फुटांची करताना गुणोत्तर सांभाळणे हे गणित झाले. याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो पाठ्यपुस्तकाला नवे रूप दिल्याबद्दल. पुस्तकाविषयी एवढा पुढचा विचार करणाऱ्या जिल्ह्याने अंगणाचाही तसाच विचार करावा, आणि तो करू शकतील असे शिक्षक येथे पुष्कळ आहेत.

प्रारंभ नान्नजच्या परिसरातील शाळांपासून व्हावा, कारण माळढोक तेथला. दिवाळीनंतर जमीन वाळू लागली की पाया खणून मुरूम भरून घ्यावा. मार्गशीर्ष-पौषात हवा थंड असताना गिलाव्याचे थर द्यावेत आणि पुढील दोन-तीन आठवडे त्यांवर ओली पोती टाकून पाणी मारीत राहावे, ते काम मोठ्या वर्गांतील मुलांकडे पाळीपाळीने द्यावे. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू होईपर्यंत सिमेंट पुरते पक्के झालेले असेल, आणि मुलांना त्यावर बसू द्यावयास हरकत राहणार नाही.